मोरबाथ गांवचा जमाखर्च आणि अँग्लिकन धर्मविचार

धर्ममतांतराचा इतिहास बहुधा राजाज्ञा, धर्मपरिषदांचे ठराव आणि पंडितांचे ग्रंथ यांच्या आधारें लिहिला जातो. तें स्वाभाविक आहे. कारण तीं साधनें राजधानींत जपून ठेवलेलीं असतात व सहज हातीं लागतात. परंतु राजधानींत ठरलेलें मत एखाद्या लहान खेड्यांत पोहोंचलें म्हणजे तेथें काय घडतें, हें कळण्यास जमाखर्चाच्या वह्यांसारखें दुसरें साधन नाहीं. इंग्लंडांतील डेव्हन परगण्यांत, एक्समूर नांवाच्या माळरानाच्या दक्षिण कडेला, मोरबाथ हें खेडें आहे. तेथील चर्चच्या सोळाव्या शतकांतील हिशेबाच्या वह्या सुदैवानें शिल्लक राहिल्या असून, त्या १९०४ सालीं बिनी यांनीं छापून प्रसिद्ध केल्या. अँग्लिकन पंथाची घडण जाणूं इच्छिणारानें हूकरच्या ग्रंथाइतकेंच लक्ष या वह्यांकडेही द्यावें, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या व एका धर्मोपदेशकाच्या कक्षेंत येणारा मुलूख. तेथें राहणाऱ्याचा बाप्तिस्मा, विवाह व दफन त्याच चर्चमध्यें व्हावयाचें आणि उत्पन्नाचा दशमांश तेथेंच द्यावयाचा. चर्चची मालमत्ता सांभाळण्यासाठीं गांवकऱ्यांतूनच दरवर्षीं वॉर्डन नेमीत. मोरबाथेंत ही जबाबदारी घरोघर फिरत असे, व ज्या घराची कर्ती बाई असेल तेथें बाईही वॉर्डन होई. गांव अवघें तेहतीस घरांचें. १५२० सालीं क्रिस्टोफर ट्रिके हा तेथें व्हिकर म्हणून आला आणि १५७४ मध्यें मरेपर्यंत, म्हणजे चोपन्न वर्षें, तेथेंच राहिला. वॉर्डनांचे हिशेब तोच आपल्या हातानें लिही व सर्व गांवापुढें मोठ्यानें वाचून दाखवी. त्यामुळें या वह्यांत केवळ आंकडे नाहींत. तंटे, आर्जवें, समजुती व प्रसंगीं आनंदाचे उद्गारही आहेत.

जुन्या काळीं या चर्चमधील निरनिराळ्या संतांच्या मूर्तींपुढें दिवे लावण्यासाठीं निरनिराळे निधि असत. निधीचें भांडवल म्हणजे मेंढरें. चर्चचीं हीं मेंढरें गांवकरी आपापल्या कळपांत वांटून घेऊन पाळीत व लोंकरीचें उत्पन्न निधीस जमा होई. गांवांतील तरुणांचा एक निधि व कुमारिकांचा दुसरा. ट्रिकेनें येतांना एक्झेटर येथील सिडवेल या संत कुमारीची भक्ति आणली व तिची मूर्ति बसविली. पुढें गांवांतील मुलींना सिडवेल हें नांव ठेवूं लागले. १५३४ च्या नोव्हेंबरांत एका रात्रीं चोर शिडी लावून मनोऱ्याच्या खिडकींतून आंत शिरला व पूजेचा चषक आणि सिडवेलच्या मूर्तीचा चांदीचा जोडा घेऊन गेला. तेव्हां तरुणांनीं व कुमारिकांनीं वर्गणी जमवून, गांवावर भार न टाकतां, नवा चषक आणला.

त्याच १५३४ सालीं आठव्या हेन्रीनें पोपशीं संबंध तोडला होता. पण मोरबाथेंत त्याची झळ लागलीच पोहोंचली नाहीं. १५३८ च्या आज्ञेनें मूर्तींपुढील दिवे बंद झाले, आणि दिवे गेल्यावर निधीही हळूहळू आटले. ट्रिकेनें मृतांच्या उपासनेसाठीं काळीं वस्त्रें घेण्याकरितां सुमारें वीस वर्षें पैसा साठविला होता. तीं वस्त्रें १५४७ मध्यें आलीं. त्याच वर्षीं सहावा एडवर्ड गादीवर आला, आणि दोन वर्षांत ती उपासनाच बंद पडली!

१५४९ च्या जून महिन्यांत क्रॅनमरनें सिद्ध केलेला इंग्रजी प्रार्थनाग्रंथ सर्व चर्चमधून सक्तीनें सुरू झाला. उपासना लोकांना समजणाऱ्या भाषेंत असावी, हें तत्त्व आज कोणीही मान्य करील. तथापि डेव्हन व कॉर्नवॉल येथील शेतकऱ्यांनीं लॅटिन मिस्सेसाठीं हत्यार उचललें व एक्झेटर शहरास वेढा दिला. त्यांस अडाणी म्हणून सोडून देणें सोपें आहे. परंतु ज्यानें लहानपणापासून अर्थ न कळतांही वेदघोष ऐकला आहे, त्यास न समजणाऱ्या भाषेचेंही पावित्र्य कसें वाटूं शकतें हें सांगावयास नको. शिवाय गेलें तें केवळ लॅटिन नव्हे. मेंढरें, दिवे, तरुणांचा निधि, अशी सगळी गांवाची वीणच उसवली होती.

या बंडांत मोरबाथचा भाग होता काय? वह्यांत पांच तरुणांस गांवानें पैसे देऊन एका छावणीवर पाठविल्याची नोंद आहे. छापील प्रतींत त्या छावणीचें नांव चुकीचें वाचलें गेल्यामुळें नोंदीचें मर्म कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं. एमन डफी यांनीं २००१ सालच्या आपल्या ग्रंथांत तें नांव ‘सेंट डेव्हिड्स डाऊन’ असें वाचलें. आणि एक्झेटरबाहेरील बंडखोरांचा तळ तेथेंच होता. म्हणजे हें शांत गांव व त्याचा राजनिष्ठ दिसणारा व्हिकर राजाविरुद्ध उभे राहिले होते! एका स्थळनामाच्या वाचनानें केवढा फरक पडतो, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. बंड ऑगस्टांत मोडलें.

मेरीच्या राज्यांत (१५५३–५८) गांवकऱ्यांनीं घरांत लपवून ठेवलेल्या वस्तू परत आणून दिल्या, त्याची नोंद ट्रिकेनें हर्षानें केली आहे. १५५९ मध्यें एलिझाबेथनें प्रार्थनाग्रंथ पुन्हां आणला; ट्रिके तरीही राहिला. त्यास कोणी संधिसाधु म्हणतील. माझें मत तसें नाहीं. ज्या तेहतीस घरांचीं मुलें त्यानें बाप्तिस्म्यासाठीं हातांत घेतलीं व मृतांस मूठमाती दिली, त्यांना सोडून जाणें त्यास मताच्या बदलाहून जड वाटलें असावें.

अँग्लिकन पंथाचा आद्य तत्त्वज्ञ रिचर्ड हूकर हा १५५४ च्या सुमारास एक्झेटरजवळील हेविट्री येथें जन्मला. त्याचा चुलता जॉन हूकर हा वेढ्याच्या वेळीं एक्झेटर शहरांत असून त्यानें त्याचा वृत्तांत लिहिला आहे. प्यूरिटन पक्ष जुन्या रीतींचे उरलेसुरले अवशेष, म्हणजे विवाहाची अंगठी, क्रुसाची खूण, गुडघे टेंकणें हे सर्व काढून टाका म्हणत होता. त्यास हूकरनें आपल्या ग्रंथाच्या पांचव्या भागांत (१५९७) उत्तर दिलें. शास्त्रवचन हें प्रमाण खरें. पण जेथें शास्त्र मौन धरितें तेथें बुद्धि व परंपरा यांस अधिकार आहे, आणि सर्वांनीं मिळून केलेली प्रार्थना ही एकेकट्याच्या प्रार्थनेस आधार देते, हा त्याचा आशय. देशांतील चर्च व राज्य हीं एकाच लोकसमूहाचीं दोन अंगें होत, असेंही तो मानी. हा विचार केवळ ग्रंथांतून उपजला असें मला वाटत नाहीं. ज्या परगण्यांत तो वाढला तेथील पॅरिशमध्यें पंथ कितीदां बदलला तरी माणसें, बांक व दफनभूमि तींच राहिलीं होतीं. ट्रिके वारला तेव्हां हूकर वीस वर्षांचा होता. त्याच्या ग्रंथाचे पहिले चार भाग प्रसिद्ध झाले ते त्यानंतर एकोणीस वर्षांनीं, १५९३ सालीं.