‘ठाऊक नाही’ या उत्तराविषयी

प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांना शिकविणाऱ्या शिक्षकांस एक अनुभव परिचयाचा असेल. चौथीत असताना पुढे पुढे होऊन, क्वचित नको तेव्हाही, बोलणारी मुलगी सातवीत आली की उत्तर येत असूनही खाली पाहू लागते. फारच आग्रह केला तर ‘ठाऊक नाही’ एवढेच म्हणते. वयच तसे आहे, असे म्हणून आपण तो प्रश्न तेथेच सोडतो. अमेरिकेतील विकासात्मक मानसशास्त्राच्या प्राध्यापिका कॅरल गिलिगन यांनी तो सोडला नाही. त्यांचे संशोधन आपल्या वर्गाशी इतके निगडित आहे की, त्याचा परिचय शिक्षकांस असणे इष्ट होय.

गिलिगनबाई १९६७ पासून हार्वर्ड विद्यापीठात शिकवू लागल्या आणि पुढे लॉरेन्स कोलबर्ग यांच्या संशोधनात त्यांच्या सहकारी झाल्या. नैतिक विकासाच्या सहा पायऱ्या सांगणारे हेच ते कोलबर्ग. अध्यापक विद्यालयात ज्यांचे नाव आपण पाठ केले तेच. मात्र या पायऱ्या ज्या मुलाखतींवरून रचल्या, त्या सर्व मुलग्यांच्या होत्या, ही गोष्ट पाठ करताना सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

कोलबर्ग मुलांपुढे एक पेच ठेवीत. हाइन्झ नावाच्या मनुष्याची पत्नी मरणोन्मुख आहे. औषध गावातील एकाच औषधविक्रेत्याकडे आहे. तो दहापट किंमत मागतो आणि हाइन्झपाशी निम्मेच पैसे आहेत. त्याने औषध चोरावे काय? हाच प्रश्न एका वर्गातील अकरा वर्षांच्या दोन हुशार मुलांस विचारण्यात आला. गिलिगनबाईंनी आपल्या ग्रंथात त्यांना जेक व एमी अशी नावे दिली आहेत. जेक निःशंकपणे म्हणाला, चोरावे. पैशापेक्षा जीव मोलाचा. त्याला हा पेच गणितासारखा वाटला. एमी म्हणाली, चोरू नये. काही दुसरा मार्ग असेल, उसने घ्यावेत, विक्रेत्याशी पुन्हा बोलावे. चोरी करून तो तुरुंगात गेला आणि पत्नी पुन्हा आजारी पडली तर तिला औषध कोण आणून देणार?

मुलाखत घेणाऱ्यास हे उत्तर अपेक्षित नव्हते. त्याने तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारला. प्रत्येक वेळी एमीचा स्वर अधिक अनिश्चित होत गेला. शेवटी गुण देताना ती जेकपेक्षा एक पूर्ण पायरी खाली गणली गेली. ‘चोरावे की चोरू नये’ असा प्रश्न होता. एमी मात्र ‘काय करावे’ याचा विचार करीत होती. तिचे उत्तर चुकीचे नव्हते, ते वेगळ्या प्रश्नाचे होते. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इन अ डिफरंट व्हॉइस’ या ग्रंथात गिलिगनबाईंनी हे विवेचन केले आणि न्यायाच्या भाषेबरोबर काळजीची व नात्यांचीही एक नैतिक भाषा असते, असे प्रतिपादिले.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. पुढील संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा मुलगे व मुली यांच्यातील हा भेद अल्पच आढळला. २००० सालच्या अशाच एका मोठ्या परीक्षणाचा निष्कर्ष तोच आहे. तेव्हा ‘मुली हळव्या, मुलगे तर्कनिष्ठ’ असा अर्थ या ग्रंथातून कोणी काढू नये. तसा काढणारे पुष्कळ आहेत.

आपल्या दृष्टीने अधिक मोलाचे काम यानंतरचे आहे. लिन मायकेल ब्राउन यांच्यासह गिलिगनबाईंनी क्लीव्हलंड येथील मुलींच्या एका शाळेत सात ते अठरा वर्षांच्या सुमारे शंभर मुलींशी वर्षानुवर्षे संभाषण केले. त्यावरील ग्रंथ १९९२ साली निघाला. आठ-नऊ वर्षांच्या मुली राग, भांडण, अन्याय यांविषयी सरळ बोलत. अकरा-बारा वर्षांच्या सुमारास त्याच मुलींच्या बोलण्यात ‘मला ठाऊक नाही’ हे शब्द वाढू लागले. ज्ञान कमी झाले नव्हते. खरे बोललो तर मैत्री तुटेल, ‘चांगली मुलगी’ हे नाव जाईल, हे त्यांना कळू लागले होते. या कामात शाळेतील शिक्षिकाही सामील झाल्या, आणि आपणही चारचौघांत मतभेद दाखविण्याचे टाळतो, हे त्यांना त्या निमित्ताने जाणवले. मुली ते आपल्याकडे पाहूनच शिकत असाव्यात, हा विचार त्यांना अस्वस्थ करून गेला.

मुलग्यांचे मौन थोडे उशिरा येते. गिलिगनबाईंच्या विद्यार्थिनी व न्यूयॉर्क विद्यापीठातील प्राध्यापिका नायोबी वे यांचा ‘डीप सीक्रेट्स’ हा ग्रंथ २०११ साली निघाला. तेरा-चौदा वर्षांचे मुलगे जिवलग मित्राविषयी, त्याला सांगितलेल्या गुपितांविषयी मोकळेपणाने बोलतात. सोळा-सतराव्या वर्षी तेच मुलगे ‘आता वेळ मिळत नाही’, ‘मला काही वाटत नाही’ असे म्हणू लागतात. मैत्रीची गरज सरलेली नसते. ती बोलून दाखविणे पुरुषाला शोभत नाही, असे त्यांनी ऐकलेले असते.

आपल्या शाळांतून मुले सातवी-आठवीनंतर अन्यत्र जातात, म्हणून मुलग्यांचे मौन बहुधा आपल्या दृष्टीस पडत नाही. मुलींचे मात्र आपल्याच वर्गात सुरू होते. म्हणून सहावी-सातवीतील मुलगी ‘ठाऊक नाही’ म्हणाली असता तोच प्रश्न अधिक मोठ्याने विचारू नये. एमीच्या बाबतीत तेच घडले होते. प्रश्न बदलून, ‘तुझ्या मनात दुसरे काही आले का?’ असे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत वर्गातील इतर हात खालीच ठेवावयास सांगावे.