आभाळ काळं व्हायच्या आधीच उतरायचं : पॅराग्लायडर हवा कशी ओळखतात?

अकोला : एप्रिलच्या दुपारी वावरात उभं राहून वर पाहिलं, तर घार पंख न हलवता गोल गोल फिरत वर चढताना दिसते. खाली नांगरलेली काळी जमीन तापते, तिच्यावरची हवा गरम होऊन वर निघते, आणि घार त्या हवेवर बसते. वावटळीत पालापाचोळा उडतो तोही याच हवेनं. पॅराग्लायडिंग करणारे हेच करतात. इंजिन नाही, काही नाही. कापडाचा पंख आणि दोऱ्या, बस.

आपल्या राज्यात पुणे जिल्ह्यातलं कामशेत आणि सातारा जिल्ह्यातली पाचगणी ही यासाठी नावाजलेली ठिकाणं. पर्यटक थोडा वेळ उडून खाली येतात, ते वेगळं. शिकलेले पायलट एका गरम झोतावरून दुसऱ्यावर जात कित्येक किलोमीटर लांब जातात आणि मिळेल त्या मोकळ्या वावरात उतरतात. याला क्रॉस कंट्री म्हणतात.

यात हिशोब लागतो. पंखाचा नेहमीचा वेग ताशी 35 ते 40 किलोमीटर. समोरून तेवढाच वारा आला तर माणूस हवेत जागच्या जागी राहतो, जास्त आला तर मागं ढकलला जातो. हजार मीटर उंचीवरून शांत हवेत आठ-नऊ किलोमीटर जाता येतं. म्हणून जाणकार पायलट उतरायची जागा आधीच हेरून ठेवतो. विजेच्या तारा कुठं आहेत, झाडं कुठं, धूर कोणत्या दिशेला चालला, पीक कोणत्या बाजूला झुकतं, सगळं वरूनच पाहतो.

फसगत होते ती भलत्याच ठिकाणी. ढग वाढत असला की त्याच्याखाली वर जाणं एकदम सोपं होतं. पायलटला वाटतं, आज हवा जोरात आहे! खरं तर ढग त्याला ओढत असतो. खाली उतरायच्या युक्त्या आहेत, पण ढगाची ओढ त्याहून जास्त झाली की त्या चालत नाहीत.

फेब्रुवारी 2007 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मॅनिला इथं जर्मनीच्या संघाची खेळाडू एवा विश्न्येर्स्का अशीच वादळी ढगात ओढली गेली. 9,946 मीटरवर, म्हणजे एव्हरेस्टच्याही वर पोचली. बेशुद्ध पडली, अंगावर बर्फ साचला, तरी वाचली. त्याच वादळात सापडलेला चीनचा खेळाडू वाचला नाही. दोघंही नवखे नव्हते.

म्हणून ढग रुंदीपेक्षा उंच वाढायला लागला, त्याचा तळ काळा पडला, की जाणकार पायलट उतरायला लागतो. ऊन असतं, सोबतचे अजून उडत असतात, तरी उतरतो. सगळ्यात अवघड हेच. चांगलं चाललेलं उड्डाण सोडायला मन होत नाही.

हे आपल्या कामाचं कसं? वादळी ढगातून थंड हवा खाली आपटते आणि जमिनीवर चहूकडं पसरते. हा वारा पावसाच्या आधी येतो, कधी कधी ढगापासून वीसेक किलोमीटरवरही. तिथं तेव्हा ऊन असू शकतं. बाळापूर तालुक्यातलं पारस कुणी विसरलं नसेल. 9 एप्रिल 2023 च्या संध्याकाळी वादळी पावसात मंदिरासमोरच्या टिनाच्या शेडवर जुनं कडुनिंबाचं झाड पडलं आणि 7 जणांचा जीव गेला.

वावरात असताना लांब धुळीची भिंत उठताना दिसली, गरम वारा अचानक थांबला किंवा थंड झाला, तर हातातलं काम तिथंच सोडायचं. गंजीवर ताडपत्री टाकायला पळण्याइतका वेळ बहुतेक वेळा नसतो. झाडाखाली किंवा टिनाच्या शेडमध्ये थांबायचं नाही, पक्क्या घरात जायचं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघात वीज पडत असल्याची सूचना देतं, ते मोबाईलमध्ये असू द्यावं. मात्र ते विजेचं सांगतं, वाऱ्याचं नाही. त्यासाठी आभाळाकडंच पाहावं लागतं.