आजारपण आणि उत्पन्नाची सुरक्षा : एक आजार, तीन वाटा

गंभीर आजार कष्टकरी कुटुंबावर दुहेरी आघात करतो. उपचारांचा खर्च वाढतो आणि त्याच वेळी घरात येणारी मजुरी थांबते. पहिल्या आघातासाठी देशात बरीच तरतूद झाली आहे. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेखाली पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. तथापि ही योजना रुग्णालयाचे देयक भागवते. बुडालेली मजुरी भरून देत नाही. ती भरून देणारी व्यवस्था वेगळी आहे आणि तिचा लाभ आजार किती गंभीर आहे यापेक्षा रुग्ण कोठे काम करत होता यावर अधिक अवलंबून असतो.

घटनात्मक चौकट

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ नुसार बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता या प्रसंगी लोकसाहाय्याचा हक्क मिळवून देण्यासाठी राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत परिणामकारक तरतूद करावी, अशी अपेक्षा आहे. हे मार्गदर्शक तत्त्व असल्याने ते न्यायालयामार्फत थेट अंमलात आणता येत नाही. त्यासाठी कायदा किंवा योजना लागते. सातव्या अनुसूचीत सामाजिक सुरक्षा व सामाजिक विमा (नोंद २३) आणि विकलांगता निवृत्तिवेतनासह कामगार कल्याण (नोंद २४) हे विषय समवर्ती सूचीत आहेत, तर विकलांग व काम करण्यास असमर्थ व्यक्तींना साहाय्य हा विषय राज्य सूचीत (नोंद ९) आहे. परिणामी विमा प्रामुख्याने केंद्रीय कायद्याने चालतो आणि साहाय्याचे स्वरूप राज्यागणिक बदलते.

या व्यवस्थेचे आकलन होण्यासाठी एक गाव घेऊ. म्हैसूर शहराच्या पश्चिमेस, मानसगंगोत्री या विद्यापीठ परिसरापलीकडे बोगादी आहे. एकेकाळचे हे खेडे शहराच्या वाढीबरोबर वसाहतींचे उपनगर झाले. तेथे राहणाऱ्या तीन व्यक्तींची कल्पना करू : औद्योगिक वसाहतीतील कारखान्याचा कामगार, बांधकामावरील गवंडी आणि शासकीय कर्मचारी. तिघांनाही घरी असताना पक्षाघाताचा झटका येतो आणि उजवी बाजू लुळी पडते. आजार एकच; पण वाटा तीन.

पहिली वाट : विमा

कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपविण्यात आले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये सादर झाला. त्यातून कर्मचारी राज्य विमा कायदा, १९४८ आकारास आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाल्याने हा कायदा अन्य आठ कायद्यांसह संहितेत विलीन झाला. योजनेची मूळ रचना मात्र कायम राहिली. जुन्या कायद्याखाली १ जानेवारी २०१७ पासून वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये (दिव्यांगांसाठी २५,००० रुपये) आणि १ जुलै २०१९ पासून वर्गणीचा दर मालकाचा ३.२५ टक्के व कामगाराचा ०.७५ टक्के असा ठरविण्यात आला.

कारखान्यातील कामगाराचे सरासरी दैनिक वेतन ६०० रुपये आहे असे मानू. योजनेच्या नियमांनुसार त्याच्या लाभाची मांडणी अशी होते :

• आजारपण लाभ : वेतनाच्या ७० टक्के, म्हणजे रोज ४२० रुपये, वर्षात कमाल ९१ दिवस. एकूण ३८,२२० रुपये. अट अशी की सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी. एप्रिल ते सप्टेंबरमधील वर्गणीवर पुढील जानेवारी ते जून या काळातील लाभ मिळतो.
• विस्तारित आजारपण लाभ : क्षयरोग, कर्करोग, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणे अशा ३४ दीर्घकालीन आजारांत ८० टक्के, म्हणजे रोज ४८० रुपये, दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी दोन वर्षांची सलग सेवा आणि मागील चार वर्गणी काळांत १५६ दिवसांची वर्गणी आवश्यक आहे.
• अपंगत्व लाभ : कामावरील अपघात किंवा व्यवसायजन्य रोग असल्यास ९० टक्के, म्हणजे रोज ५४० रुपये. यासाठी किमान वर्गणीची अट नाही. तात्पुरते अपंगत्व असेपर्यंत हा लाभ मिळतो. कायमच्या अपंगत्वात वैद्यकीय मंडळ अर्जनक्षमतेची हानी ठरवते व त्या प्रमाणात रक्कम मिळत राहते.

आपल्या उदाहरणातील झटका घरी आलेला असल्याने तिसरा लाभ लागू होत नाही. शरीराची हानी सारखीच असली, तरी तिचे कारण कामाशी निगडित आहे की नाही, यावर दर आणि मुदत दोन्ही बदलतात. विम्याची ही विभागणी जुनी आहे. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात आजारपण विमा १८८३ मध्ये, अपघात विमा १८८४ मध्ये आणि विकलांगता व वार्धक्य विमा १८८९ मध्ये स्वतंत्र कायद्यांनीच आला.

विस्तारित लाभाची दोन वर्षे संपल्यावर काय? येथे कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ उपयोगी पडते. सेवेत असताना कायमचे व संपूर्ण अपंगत्व आल्यास दहा वर्षांच्या सेवेची अट राहत नाही. एका महिन्याची वर्गणीही पुरते. निवृत्तिवेतनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागले की मासिक रक्कम मिळते. पात्र वेतन १५,००० रुपये व सेवा आठ वर्षे असेल, तर ती सुमारे १,७१४ रुपये भरते. १ सप्टेंबर २०१४ पासून किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये ठरविण्यात आले. दरमहा १८,००० रुपये कमावणाऱ्याच्या हाती वेतनाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी रक्कम उरते. तरीही हा हक्क मोलाचा आहे. अपंगत्व सेवाकाळात आलेले असणे ही त्याची अट असल्याने वैद्यकीय तपासणी व अर्जापूर्वी घाईने राजीनामा देणे कामगाराच्या हिताचे नसते.

दुसरी वाट : साहाय्य

गवंड्याला मालक निश्चित नसतो, म्हणून वर्गणी नसते व आजारपण लाभही नसतो. वर्षाला २० रुपये हप्त्याची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना त्याने घेतली असली, तरी ती केवळ अपघातासाठी आहे. पक्षाघात तिच्या कक्षेत येत नाही. बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी असल्यास मोठ्या आजाराच्या उपचारखर्चासाठी साहाय्य मिळू शकते. त्यासाठी वय १८ ते ६० आणि मागील वर्षभरात ९० दिवसांचे काम आवश्यक आहे. मात्र वेतनाच्या प्रमाणात मिळणारा हा नियमित लाभ नव्हे.

उरतो तो अपंगत्वाचा मार्ग. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची अपंगत्वे नमूद असून लाभांसाठी सामान्यतः किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. २००९ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत मात्र दारिद्र्यरेषेखालील व ८० टक्के अपंगत्व असलेल्या व्यक्तीसच केंद्राचे दरमहा ३०० रुपये मिळतात. ६० टक्के अपंगत्व आलेला गवंडी या योजनेत बसत नाही. त्याला राज्याच्या दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी नाडकचेरीत अर्ज करावा लागतो. झटक्याने वाचा गेली असेल, तर तपासणी व वाचोपचारासाठी मानसगंगोत्रीतील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था बोगादीकरांना जवळची आहे.

महाराष्ट्राची तुलना येथे उद्बोधक ठरते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांबरोबरच क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या दुर्धर आजारांमुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्यांचाही समावेश आहे. म्हणजेच आजाराला अपंगत्वाच्या टक्केवारीत न बसवताही साहाय्य देता येते. २०२३ मध्ये या योजनेचे मासिक अनुदान १,५०० रुपये करण्यात आले आणि २०२५ मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते २,५०० रुपयांवर नेण्याचा निर्णय झाला. मात्र दारिद्र्यरेषेची वा २१,००० रुपये वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची अट अनेक गरजूंना बाहेर ठेवते.

तिसरी वाट : सेवासंरक्षण

शासकीय कर्मचाऱ्याची स्थिती मूलतः वेगळी आहे. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम २०(४) नुसार सेवाकाळात अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास शासकीय आस्थापना सेवेतून कमी करू शकत नाही किंवा पदावनत करू शकत नाही. तो त्या पदास योग्य न उरल्यास त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते. तेही शक्य नसल्यास योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. १९९५ च्या पूर्वीच्या कायद्यातील कलम ४७ मध्ये असेच संरक्षण होते आणि कुणाल सिंग खटल्यात (२००३) सर्वोच्च न्यायालयाने ते बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले. खासगी आस्थापनांना हे कलम लागू नाही.

उरलेली पोकळी

या तीन वाटांच्या मध्ये दोन मोठे गट सापडतात. पहिला, विम्याच्या वेतनमर्यादेपेक्षा किंचित अधिक कमावणाऱ्या खासगी नोकरदारांचा. त्यांची भिस्त मालकाच्या रजा धोरणावर असते. दुसरा, ज्यांचा आजार काम थांबवतो पण अपंगत्वाच्या यादीत नाही अशांचा. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस घेणारा मजूर पूर्ण वेळ काम करू शकत नाही. तरीही मूत्रपिंडाचा विकार २१ अपंगत्वांत नाही. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे गरिबांना डायलिसिस मोफत मिळते, परंतु त्या दिवसांची मजुरी मिळत नाही.

सामाजिक सुरक्षा संहितेने असंघटित कामगारांसाठी जीवन व अपंगत्व संरक्षण, आरोग्य व मातृत्व लाभ आणि वार्धक्य संरक्षण यांच्या योजना आखण्याची जबाबदारी केंद्रावर टाकली आहे. ऑगस्ट २०२१ पासूनच्या ई-श्रम नोंदणीमुळे या कामगारांची माहितीही संकलित होत आहे. आजारपणातील उत्पन्नाची हानी हा त्या योजनांचा स्वतंत्र घटक व्हावयास हवा. आरंभ मर्यादित असू शकतो : निवडक दीर्घ आजार, शासकीय डॉक्टरचे प्रमाणपत्र, किमान वेतनाशी जोडलेली रक्कम आणि ठरावीक मुदत. विस्तारित आजारपण लाभाचा दीर्घ अनुभव त्यासाठी देशात उपलब्ध आहे. एकाच वस्तीत, एकाच आजाराने अंथरुणास खिळलेल्या तिघांपैकी एकाला वेतन, दुसऱ्याला दोन वर्षांचा लाभ आणि तिसऱ्याला टक्केवारीची प्रतीक्षा, हे अंतर कमी होणे हाच अनुच्छेद ४१ चा आशय आहे.