पंपावर दोष ठेवण्यापूर्वी

नानाखेडा म्हणजे आमच्या उज्जयिनीचे इंदूरकडे उघडणारे दार. येथील बसस्थानकावरून माणसे प्रवासाला निघतात, आणि त्याच रस्त्याने पहाटेच्या अंधारात भाजी, लसूण व बटाटे घेऊन डिझेलच्या पिकअप गाड्या इंदूरच्या चोइथराम मंडीकडे धावतात. राणोजी शिंद्यांच्या काळापासून माळव्यात स्थिरावलेल्या मराठी घरांत पुष्कळ वर्षे नोकरी हाच प्रतिष्ठेचा मार्ग समजला जाई. आज त्याच घरांतील काही तरुण कर्ज काढून अशी गाडी घेतात आणि तिच्या चाकांवर संसार चालवितात. गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाचे भाडे बुडते. हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून या गाड्यांच्या एका नेहमीच्या दुखण्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. ते दुखणे म्हणजे डिझेलचा दाब कमी पडणे.

त्याची लक्षणे चालकांना तोंडपाठ असतात. रिकामी गाडी सुरळीत पळते. भार घातला आणि चढ लागला की तिचा दम उखडतो. सकाळी स्टार्टर पुनःपुन्हा फिरवावा लागतो. मध्येच झटके बसतात, आणि कधी भर रस्त्यात इंजिन बंद पडते. ‘गाडी पिकअप घेत नाही’ एवढ्या तीन-चार शब्दांत चालक हे सारे सांगून मोकळा होतो, आणि पुष्कळदा तितक्याच थोडक्यात त्याला उत्तर मिळते, ‘पंप गेला.’ आपल्या भाषेत ‘निदान’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक रोगाची परीक्षा आणि दुसरा ‘कमीत कमी’. पंप बदलण्यापूर्वी निदान निदान तरी व्हावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनाप्रमाणे ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली ज्या तत्त्वावर आपले इंजिन यशस्वी करून दाखविले, तेच तत्त्व आजही चालते. हवा इतकी दाबावयाची की ती स्वतःच तापून निघेल, आणि त्या तप्त हवेत इंधनाचा सूक्ष्म फवारा सोडावयाचा. फवारा बारीक पडण्यासाठी दाब प्रचंड लागतो. ‘कॉमन रेल’ पद्धतीच्या आजच्या गाड्यांत तो १६०० बार किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. एक बार म्हणजे सुमारे १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. तेव्हा १६०० बार म्हणजे १६ किलोमीटर उंच स्तंभाचा! हा दाब उच्च दाबाचा पंप निर्माण करतो. परंतु त्याच्या तोंडाशी पुरेसे व स्वच्छ डिझेल पोहोचले तरच तो आपले काम करू शकतो. विहीर आटली असता रहाटाला दोष देण्यात अर्थ नाही.

डिझेलचा प्रवास ध्यानात घेतला की परीक्षेचा क्रम आपोआप ठरतो. टाकी, टाकीतील जाळी, नळी, पाणी वेगळे करणारा फिल्टर, उच्च दाबाचा पंप, रेल, इंजेक्टर, आणि उरलेले डिझेल टाकीत परत नेणारी नळी. काही गाड्यांत टाकीतच विजेवर चालणारा छोटा पंप असतो व तो डिझेल पुढे ढकलतो. इतर गाड्यांत उच्च दाबाच्या पंपालाच जोडलेला लहान पंप ते टाकीतून ओढून घेतो. आपल्या गाडीत यांपैकी कोणती रचना आहे, हे पहिल्या प्रथम विचारावे, कारण दोहोंची परीक्षा निराळी आहे.

ढकलणाऱ्या रचनेत नळीला भेग पडली तर डिझेल बाहेर ठिबकते आणि दोष डोळ्यांना दिसतो. येथे दाबमापक लावून आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेशी ताडून पाहावा. आकडा कमी आला तरी लगेच पंप काढू नये. त्याला वीज पुरेशी मिळते का, फ्यूज, रिले आणि जमिनीची तार ठीक आहे का, हे आधी तपासावे. ओढणाऱ्या रचनेतील दोष अधिक फसवा असतो. तेथे भेगेतून डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. मिस्त्री लोक त्याला ‘एअर धरली’ असे म्हणतात. जमिनीवर एक थेंबही दिसत नाही, आणि म्हणूनच निर्दोष पंपावर आळ येतो. येथे निर्वातमापक लावावा. ओढ प्रमाणाबाहेर दिसली तर मागे कोठे तरी जाळी, नळी किंवा फिल्टर तुंबला आहे. ओढ कमी आणि डिझेलात बुडबुडे असतील तर हवा शिरते आहे. फिल्टर व पंप यांच्या दरम्यान पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की हे बुडबुडे प्रत्यक्ष पाहावयास मिळतात.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या बाबतीत नेमके हेच घडले. त्याची गाडी भार भरला की इंदूर रस्त्यावर अडखळू लागे. एका ठिकाणी त्याला पंप बदलण्याचा सल्ला मिळाला. सांगितलेली रक्कम ऐकून त्याच्या आईने अंगावरचे दागिने पुढे केले. सुदैवाने एका वयस्क मिस्त्रीने, ‘आधी गाडीला डब्यातून पाजून पाहू,’ असे सुचविले. इंजिन बंद करून त्याने टाकीकडची नळी सोडविली आणि फिल्टरच्या अलीकडे स्वच्छ डिझेलचा डबा जोडला. त्या डब्यावर इंजिनाने न कुरकुरता जोर धरला. म्हणजे पंप निर्दोष होता. दोष टाकी आणि फिल्टर यांच्या दरम्यान होता. शोधता शोधता टाकीजवळचा, उन्हाने कडक होऊन चिरलेला रबरी नळीचा वीतभर तुकडा सापडला. तेवढा बदलला आणि काम झाले. दागिने घरातच राहिले.

डिझेल पुरेसे येत असूनही दाब चढत नसेल तरच पुढच्या टप्प्याकडे वळावे. स्कॅनर यंत्रावर रेलमधील अपेक्षित दाब व प्रत्यक्ष दाब असे दोन आकडे शेजारी शेजारी वाचता येतात. ‘पी ००८७’ हा संकेत दिसला तर रेलचा दाब अपेक्षेहून कमी आहे, इतकाच त्याचा अर्थ. पंप खराब आहे असे तो संकेत सांगत नाही. झिजलेला इंजेक्टर डिझेल परतीच्या मार्गाने वाहू देतो, आणि मग चांगला पंपही दाब टिकवू शकत नाही. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला सारखी बाटली लावून ठराविक वेळ इंजिन चालविले की कोणती बाटली अधिक भरते ते दिसते आणि गुन्हेगार सापडतो. दाब नियंत्रित करणारी झडपही अशीच तपासावी. हे सर्व निर्दोष ठरले तरच पंपाची पाळी येते.

येथे एक धोक्याची सूचना कळकळीने द्यावीशी वाटते. जुन्या गाड्यांत चालू इंजिनावर इंजेक्टरची नळी सैल करून पाहण्याची चाल होती. कॉमन रेलच्या गाडीत तसे कदापि करू नये. त्या दाबाचा बारीक फवारा कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसते, पण ती क्षुल्लक नसते. विनाविलंब शस्त्रवैद्य गाठावा लागतो. तसेच डिझेल उघडे असताना विडी, काडी व ठिणगी यांना जवळपास थारा देऊ नये.

पंप खरोखर खराब होतो, तो बहुधा हेळसांडीमुळे. त्याच्या आतील भागांना वंगण मिळते ते डिझेलचेच. टाकी कोरडी पडेपर्यंत गाडी चालविणे, डिझेलात रॉकेल मिसळणे, पावसाळ्यात फिल्टरमध्ये साचलेले पाणी न सोडणे, या तीन गोष्टी त्याचे आयुष्य खातात. फिल्टर वेळेवर बदलावा, त्याच्या तळाचा स्क्रू सोडून पाणी काढावे आणि टाकीत पाव भाग तरी डिझेल राहू द्यावे. एवढ्या पथ्याला विशेष खर्च नाही.

२०२८ साली उज्जयिनीत सिंहस्थ भरेल, तेव्हा या रस्त्यावरची वाहतूक किती वाढेल ते सांगावयास नको. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे, त्यांनी मिस्त्रीला पंपाची किंमत विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: आकडा किती आला? तो कोठे मोजला? आणि किती यावयास हवा होता? जो मिस्त्री या तिन्हींची उत्तरे देईल त्याच्या हाती गाडी निःशंकपणे सोपवावी, आणि त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये.