शिकायचं कुणाच्या खाटेपाशी?

गेल्या दिवाळीत निलंग्याच्या घरी आम्ही फराळाला बसलो होतो, तेवढ्यात अमेरिकेहून पुतण्याचा फोन आला. त्याच्या लेकीला डॉक्टरकीसाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. दोन्ही महाविद्यालयं 'ऑस्टिओपॅथिक'. हा शब्द हाडांवरून आला आहे, असं त्यानं सांगताच आमच्या वहिनी, म्हणजे त्याची आईच, म्हणाल्या, "म्हणजे हाडवैद्यच की! त्याला तिकडं कॉलेज कशाला लागतंय?"

सगळे हसले. पुतण्या मात्र हसला नाही. "काका, आईची समजूत तुम्हीच काढा. आणि दोन्हींतलं कोणतं घ्यावं तेही बघा. कर्जाची प्रकरणं जन्मभर तपासलीत तुम्ही."

वहिनींचा गोंधळ अगदीच अस्थानी नव्हता. इंग्लंडमधला ऑस्टिओपॅथ हातानं उपचार करतो, पण आपण ज्याला डॉक्टर म्हणतो तो तो नव्हे. अमेरिकेतली गोष्ट निराळी. अँड्र्यू टेलर स्टिल या वैद्याची मुलं १८६४ साली मेंदूज्वरानं दगावली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला. १८९२ मध्ये त्यानं मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावी आपली शाळा काढली. पुढं या शाळांनी आधुनिक औषधं आणि शस्त्रक्रियाही स्वीकारल्या. आज तिथला 'डीओ' पदवीचा डॉक्टर 'एमडी'सारखाच पन्नासही राज्यांत औषध लिहून देतो, शस्त्रक्रिया करतो. स्नायू आणि सांधे हातानं तपासण्याचं शिक्षण त्याला जादा मिळतं. पदवीनंतरच्या प्रशिक्षणाची व्यवस्थाही २०२० पासून दोघांची एकच झाली आहे. काही चुरशीच्या शाखांत एमडीवाल्यांना अजून झुकतं माप मिळतं, हेही खरं. पण पदवी खोटी नाही, एवढं वहिनींना पटलं.

उरली निवड. नातीनं तक्ता करून पाठवला. फी, निकाल, राहण्याचा खर्च, थंडी किती, सगळं त्यात होतं. पण तिकडच्या चार वर्षांपैकी शेवटची दोन वर्षं मुलं रुग्णांमध्ये काढतात. ती कुठं काढायची, हा रकानाच तक्त्यात नव्हता. विचारल्यावर कळलं, पहिल्या महाविद्यालयाला लागूनच मोठं रुग्णालय आहे. दुसऱ्याचं स्वतःचं रुग्णालयच नाही. तिथल्या बऱ्याच ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयांप्रमाणे तेही मुलांना वेगवेगळ्या गावांतल्या रुग्णालयांत पाठवतं.

माझा कौल तत्काळ पहिल्याकडं गेला. त्याला एक जुनं कारण होतं.

शाखाधिकारी असताना एका शेतकऱ्याच्या मुलाचं वैद्यकीय शिक्षणाचं कर्ज मी मंजूर केलं होतं. जामीनदार पाहिला, सातबारा पाहिला, फीची पावती पाहिली. कॉलेजचा दवाखाना पाहिला नाही. इंटर्नशिप संपवून पोरगा पेढे घेऊन आला. मी कौतुकानं विचारपूस केली, तर मान खाली घालून म्हणाला, "साहेब, वॉर्डात खाटा होत्या, पेशंट नव्हते. तपासणीचं पथक यायचं त्या दिवशी गावागावांतून माणसं आणून झोपवायचे. एक बाळंतपण मी माझ्या हातानं केलेलं नाही." कर्जाचे कागद चोख होते. त्यांवर सही माझी होती. तो पेढा मला गोड लागला नाही.

याच आपल्या मराठवाड्यात, १९७० च्या दशकात, अंबाजोगाईसारख्या लहान गावी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. त्यामागचा विचार सरळ होता. जिथं आजारी माणूस आहे, तिथंच डॉक्टर घडावा. मी नातीला हे सगळं सांगितलं आणि म्हणालो, "रुग्णालय नसलेलं कॉलेज घेऊ नकोस."

चार दिवसांनी तिचा फोन आला. "आजोबा, मी दोन्हीकडच्या सिनियर मुलांशी बोलले. पहिल्या ठिकाणी पेशंटभोवती प्रोफेसर असतात, मग निवासी डॉक्टर, आणि विद्यार्थी सगळ्यांत मागे. दुसऱ्या ठिकाणी लहान गावात एक डॉक्टर आणि एक विद्यार्थी. एका मुलीनं तिथं बाळंतपणं केली. पण दुसऱ्या गावातला मुलगा म्हणाला, डॉक्टरांना शिकवायला वेळच नसतो, तो नुसता उभा राहतो."

मी गप्प झालो. दवाखाना शेजारी आहे एवढ्यावर मी निकाल देऊन बसलो होतो. म्हणजे पुन्हा कागदच पाहिला होता. पोरीनं माझ्या पुढं जाऊन खाटेपाशी कोण उभं असतं ते विचारलं होतं. तिनं दुसरं महाविद्यालय घेतलं, पण कोणत्या गावी पाठवणार, ते आधी लेखी मागून.

हे सगळं इथं लिहिण्याचं कारण असं की, लातूरच्या शिकवण्यांमध्ये दोन-दोन वर्षं घासून मुलं 'नीट' देतात, आणि पसंतीक्रम भरायची वेळ आली की घरात फक्त कटऑफ आणि फी यांचीच चर्चा होते. एमबीबीएस असो, बीएएमएस की बीएचएमएस, साडेचार वर्षांनंतर एक वर्ष इंटर्नशिप असतेच. ती कोऱ्या वॉर्डात गेली तर फुकट. म्हणून पालकांना विनंती आहे. फॉर्म भरण्याआधी एका साध्या मंगळवारी, न कळवता त्या रुग्णालयात जा. केसपेपरच्या खिडकीपाशी रांग आहे का बघा. वॉर्डातल्या खाटांवर माणसं आहेत का बघा. शेवटच्या वर्षाच्या मुलाला चहा पाजून विचारा, टाके कधी घातलेस? रात्री वॉर्डात कोण असतं? चुकलास तर हात धरून कोण सांगतं?

तो कर्जदार पोरगा पुढं एका ग्रामीण रुग्णालयात ज्येष्ठ डॉक्टरांच्या हाताखाली तुटपुंज्या पगारावर राबला. कॉलेजात राहून गेलेलं तिथं शिकला. हप्ते थोडे उशिरा आले, पण आले. आज त्याच्या दवाखान्यात गर्दी असते. गुडघे धरले की वहिनीही त्याच्याकडंच जातात. परवा तिथून आल्यावर म्हणाल्या, "नातीला सांगा, सुट्टीत आली की हितं बसू दे चार दिवस. हितं पेशंटला तोटा नाही."

तिला कळवलं आहे. उन्हाळ्यात येते म्हणाली.