इटलीतील निवास परवाना : नूतनीकरण व दीर्घ वास्तव्य

भारतातून इटलीत सेवेसाठी गेलेल्या धर्मभगिनी आणि रोजगारासाठी गेलेले तरुण यांच्या बोलण्यात एक शब्द वारंवार येतो : ‘पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो’, अर्थात निवास परवाना. व्हिसा देशात प्रवेश देतो, राहण्याचा अधिकार मात्र हा परवाना देतो. मुदत संपण्याच्या ६० दिवस अगोदर नूतनीकरणाचा अर्ज करावा, असा नियम आहे. अर्जाचा संच टपाल कार्यालयात मिळतो व भरून तेथेच द्यावयाचा असतो. बोटांचे ठसे पुढे ‘क्वेस्तुरा’ या पोलीस कार्यालयात घेतले जातात.

टपाल कार्यालयाची पावती जिवापाड जपावी. नवे कार्ड हाती येण्यास कित्येकदा महिने लागतात. तोवर या पावतीच्या आधारेच वास्तव्य कायदेशीर राहते. नेमके याच काळात घरी आईवडील आजारी पडले तर काय? पासपोर्ट, जुना परवाना व पावती घेऊन मायदेशी येता येते, परंतु अन्य शेंगेन देशामार्गे नव्हे. तेथे ही पावती परवान्याऐवजी चालत नाही. तिकीट स्वस्त मिळते म्हणून याकडे डोळेझाक करू नये.

पाच वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर दीर्घ मुदतीच्या युरोपीय परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी पुरेसे उत्पन्न दाखवावे लागते आणि डिसेंबर २०१० पासून इटालियन भाषेची ‘ए-२’ स्तराची परीक्षाही आहे. विद्यार्थी परवान्यावर असताना मात्र हा अर्ज करता येत नाही. या पाच वर्षांत इटलीबाहेरील वास्तव्य सलग सहा किंवा एकूण दहा महिन्यांहून अधिक नसावे. गंभीर कारणास सूट मिळते, पण पुरावा लागतो. म्हणून घरच्या आजारपणात आलेल्यांनी इस्पितळाची कागदपत्रे परतताना सोबत न्यावीत.