पहिल्यांदाच घरी बेबिंका

गोव्याच्या बेबिंकाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून मनात होतं. अखेर रविवारी केली. 7 थर, पावणेतीन तास!

प्रमाण: 10 अंड्यांचे बलक, 2 कप नारळाचं घट्ट दूध, दीड कप साखर, 1 कप मैदा, जायफळ. आणि साजूक तूप, तेही हात न आखडता. मिश्रण गाळून घ्याच, गुठळी राहिली की थर फाटतो.

खरी मेख उष्णतेत आहे. पूर्वी भांड्याच्या झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवत, म्हणजे आच वरून मिळे. म्हणून ओव्हनमध्ये पहिला थर 180 अंशांवर भाजून पुढचे सगळे फक्त वरच्या कॉइलवर भाजले. प्रत्येक थरावर आधी चमचाभर तूप, मग पळीभर मिश्रण. वरून खरपूस तपकिरी डाग आल्याशिवाय पुढचा थर ओतू नका. कापल्यावर दिसणाऱ्या सुंदर रेघा त्या डागांच्याच असतात. माझा तिसरा थर घाईत फिकाच राहिला, तिथे चौथा त्याला चिकटून एकच जाड पट्टा झाला.

गरम असताना कापायचा मोह आवरा. मी रात्रभर ठेवली. सकाळी सुरी अलगद उतरली, घरभर जायफळाचा वास!